मुलीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही शिकायचंय. सोलापुरात बी.एस्सी.ला जमेल का?

वाइंडिंगवाला | २४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी, पाण्याच्या मोटारी, पंखे, सगळं करतो. मी आयटीआय केलेला माणूस, कॉलेज बघितलेलं नाही. घरात तेलुगू बोलतो, पोरं मराठी शाळेत शिकली.

थोरली यंदा बारावी सायन्स पास झाली. सीईटी पण दिलीय. इंजिनिअरिंगला चांगल्या ठिकाणी नंबर लागेल असं तिच्या सरांचं म्हणणं आहे. पण तिला बी.एस्सी. करायचंय, आणि त्यात फिजिक्स न् मॅथ्स दोन्ही पाहिजे. एकच निवड म्हटलं की गप्प होऊन बसते.

परवा एका कॉलेजात चौकशीला गेलतो. खिडकीवर विचारलं, मेजर काय, मायनर काय, लवकर सांगा, मागं लाईन आहे. मला ते मेजर-मायनर कळलं नाही. तसाच परत आलो.

मेव्हणे म्हणतात, पोरीचे मार्क वाया घालवूलालास. मला तिचं ऐकायचं आहे. पण न बघता पाय टाकायचा नाही. म्हणून विचारतो: हे दोन विषय बरोबर शिकता येतात का? एकाचा दुसऱ्याला उपयोग होतो, की नुसतं ओझं दुप्पट? आणि पुढं पोटापाण्याचं काय?

जुळे_सोलापूरकर | २४ मे, रात्री ११:०५

दादा, खिडकीवर तुम्हाला नीट सांगायला पाहिजे होतं. मी तीस वर्षांहून जास्त फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी मेजर-मायनरचं सांगतो.

आमच्या काळी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २००४ साली सोलापूर जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. दोन्हीकडे बी.एस्सी.ची रचना साधारण एकच होती. पहिल्या वर्षी तीन-चार विषय, मग एकेक गळत जायचा, आणि टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षी, एकच उरायचा. ज्याने फिजिक्स ठेवलं त्याचं मॅथ्स सुटायचं, नेमकं ज्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स सुरू होतं त्याच वर्षी. पोरं अर्ध्या गणितावर क्वांटमला भिडायची. मी किती तरी हुशार मुलं तिथे अडलेली बघितली आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

आता नवीन शैक्षणिक धोरण आलं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत ते २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. यात एक विषय मेजर, म्हणजे मुख्य, त्याचे पेपर सगळ्यात जास्त. दुसरा मायनर, त्याचे पेपर कमी, पण तो पदवीत बरोबर चालत राहतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. म्हणजे तुमच्या मुलीला जे हवंय ते आज आमच्या काळापेक्षा जास्त शक्य आहे. मात्र मेजर फिजिक्स घेतल्यावर मायनरला मॅथ्स मिळेलच असं नाही, ते कॉलेजच्या वेळापत्रकावर ठरतं. खिडकीवर विचारू नका. थेट डिपार्टमेंटला जा, विभागप्रमुखांना भेटा आणि विचारा: या जोडीला मागच्या वर्षी किती मुलं होती, आणि मॅथ्सचा तास फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या वेळेत येतो का?

माझं मत विचाराल तर फिजिक्स मेजर, मॅथ्स मायनर. प्रयोगशाळा घरात उभी करता येत नाही. स्पेक्ट्रोमीटर, बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर, ली साहेबांची उष्णतावहनाची चकती, हे हाताखालून जायला कॉलेजच लागतं. गणित माणूस वही-पेन घेऊन घरीही करू शकतो.

गणिताची_वही | २५ मे, सकाळी ७:४०

सरांचा आदर ठेवून शेवटच्या वाक्याला विरोध नोंदवते. मी गणित शिकवते.

गणितं घरी सोडवता येतात, मान्य. पण सिद्धता लिहायला घरी शिकता येत नाही. मुलगी एक सिद्धता लिहिते, तिला ती बरोबर वाटते, आणि तिसऱ्या ओळीत तिने जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलेलं असतं. ही चूक तिची तिला दिसत नाही. कुणीतरी लाल पेनाने त्या ओळीखाली रेघ ओढावी लागते. वर्षभर, दर आठवड्याला. एफवायला एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, येते तेव्हा निम्मा वर्ग म्हणतो, 'मॅडम, लिमिट काढता येतं की आम्हाला, हे कशाला?' तिथून पुढे नेणारं माणूस लागतं. पुस्तक ते काम करत नाही.

त्यामुळे प्रयोगाची ओढ आहे की 'हे असंच का, याला दुसरं उत्तर नसेलच कशावरून' या प्रश्नाची, हे मुलीला विचारा. पहिलं असेल तर फिजिक्स मेजर. दुसरं असेल तर मॅथ्स मेजर करून फिजिक्स मायनर ठेवा.

आणि दादा, एकाचा दुसऱ्याला उपयोग होतो का म्हणून विचारलंत. १९२५ सालचं सांगते. हायझेनबर्ग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने अणूचं नवं गणित मांडलं. त्यात दोन राशींचा गुणाकार करताना क्रम बदलला की उत्तर बदलत होतं, आणि ते त्याला स्वतःलाच खटकत होतं. त्याचा लेख मॅक्स बॉर्नने वाचला. बॉर्नच्या डोक्यात ते घोळत राहिलं आणि मग त्याला विद्यार्थी असताना ब्रेस्लाऊला शिकलेला गणिताचा तास आठवला. हे तर मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचे, गुणाकार! हायझेनबर्गला मॅट्रिक्स ठाऊकच नव्हते. आज आपली बारावीची मुलं मॅट्रिक्सचा गुणाकार करतात आणि तो पाच मार्कांचा प्रश्न म्हणून सोडून देतात. तोच गुणाकार अणूच्या आत चालतो हे ज्या मुलीला दोन्ही तासांना बसून कळेल, तिच्यासाठी दोन्ही विषय बदलून जातात.

कुमठा_नाका | २५ मे, दुपारी १:१५

मी थोडं कडू लिहिते, पण खरं लिहिते. मी ही जोडी घेतली होती. आज मला वाटतं, घ्यायच्या आधी कुणीतरी मला वेळेचा हिशोब सांगायला पाहिजे होता.

माझ्या कॉलेजात (नाव घेत नाही) दर सोमवारी आणि गुरुवारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल दुपारी होतं आणि मॅथ्सचा एक तास त्यातच यायचा. दोन्ही डिपार्टमेंटना सांगितलं. एकांनी दुसऱ्यांकडे बोट दाखवलं. वर्षभर मी गुरुवारचा ॲनालिसिसचा तास मैत्रिणीच्या वहीतून उतरवला. वर्गात बसून ऐकणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. त्यात जर्नल. एक प्रयोग करायला दोन तास आणि जर्नल लिहायला रात्र. आकृत्या, ग्राफ, एरर, सही. सबमिशनच्या महिन्यात गणिताला मी हात लावला नाही, आणि गणित असं आहे की महिनाभर सोडलं की तीन महिने मागे जातं.

मला बरे मार्क पडले. पण दोन्ही विषयांत 'मला हे येतं' असं छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही. दोष विषयांचा नव्हता, वेळापत्रकाचा होता, आणि माझ्या गप्प बसण्याचा. दादा, वर सरांनी सांगितलेला प्रॅक्टिकलच्या वेळेचा प्रश्न विचाराच. लेखी वेळापत्रक मागा.

एसवाय_सायन्स | २५ मे, सायंकाळी ६:५०

मी आत्ता ही जोडी घेऊन शिकतोय, बार्शीहून येतो. कुमठा_नाका ताईंशी सहमत, जर्नल खरंच वेळ खातं.

मला वेगळीच अडचण आली. दोन्ही डिपार्टमेंट एकाच गोष्टीला वेगळ्या खुणा वापरतात. गोलीय निर्देशांकांत फिजिक्सच्या सरांचा थीटा वरच्या अक्षापासून मोजतात, फाय गोल फिरतो. मॅथ्सच्या पुस्तकात नेमकं उलट, थीटा गोल फिरतो. मी युनिट टेस्टमध्ये इंटिग्रल पूर्ण बरोबर केलं आणि खुणा अदलाबदल झाल्याने मार्क गेले.

दुसरं, थर्मोडायनॅमिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्हला कंस करून खाली बारीक अक्षरात काय स्थिर ठेवलंय ते लिहितात. मॅथ्समध्ये ते लिहितच नाहीत. आधी मला वाटलं ती फिजिक्सवाल्यांची सवय आहे. मग कळलं की आकारमान स्थिर ठेवून आणि दाब स्थिर ठेवून येणारी उत्तरं खरोखर वेगळी असतात, तिथूनच वायूच्या दोन विशिष्ट उष्णता येतात. ते ज्या दिवशी कळलं त्या दिवशी चेन रूल पहिल्यांदा कळला. तोपर्यंत नुसता पाठ होता.

आणि भाषा. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिलं सत्र जड जातं. 'लेट', 'सच दॅट', 'इफ अँड ओन्ली इफ' हे शब्द साधे वाटतात, पण सगळं त्यांच्यावरच उभं असतं. मी वहीत प्रत्येक सिद्धता आधी मराठीत लिहायचो, मग इंग्रजीत. मुलीला सांगा, लाजू नको.

गणिताची_वही | २५ मे, रात्री ८:३०

@एसवाय_सायन्स, मराठीत आधी लिहिणं ही उत्तम सवय आहे, सोडू नकोस. खुणांचं म्हणशील तर पुढे अजून एक येईल, आत्ताच सांगून ठेवते. कॉम्प्लेक्स इनर प्रॉडक्टमध्ये कॉन्ज्युगेट आम्ही दुसऱ्या जागेवर घेतो, फिजिक्सवाले पहिल्या. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने कर, 'त्यांच्याकडे' आणि 'यांच्याकडे', आणि भेटेल ते लिहीत जा.

चादर_आणि_कागद | २६ मे, रात्री १२:१०

उशिरा लिहितोय, पण हा धागा वाचून झोप येईना. मी सोलापूरचाच, वडील यंत्रमागावर होते. हीच जोडी घेऊन बी.एस्सी. केलं. आता पुण्यात संशोधनात आहे. दादांच्या 'उपयोग होतो का' या प्रश्नाला मी एका छपराची गोष्ट सांगून उत्तर देतो.

आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. मे महिन्यात दुपारी बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस. पण खरा जाच रात्री. सूर्य मावळला तरी छत तापलेलंच, रात्री दहाला सुद्धा वर हात केला तर धग लागायची. सगळी गल्ली गच्चीवर झोपायची. आणि मोहोळ तालुक्यात आजीचं माळवदाचं घर, जाड मातीचं छत, तिथे त्याच उन्हात दुपारीही गार. लहानपणी मी विचारायचो, ऊन दुपारी पडतं तर घर रात्री का तापतं? आजी म्हणायची, स्लॅब ऊन पिऊन ठेवतो.

एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षी असताना एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. प्रयोगशाळेत ली यांच्या चकतीचा प्रयोग केला, पुठ्ठ्याची उष्णतावाहकता काढली. आणि मॅथ्सच्या तासाला पार्शल डिफरन्शियल इक्वेशनमध्ये व्हेरिएबल वेगळे करायची रीत शिकलो. वाचनालयात दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि दिसलं की दोन्हीकडे समीकरण एकच आहे. फळ्यावर दोघांनी वेगळी अक्षरं वापरली म्हणून मला आठवडाभर ओळखू आलं नव्हतं.

मग मी आमच्या स्लॅबचं गणित केलं. वरच्या पृष्ठभागाचं तापमान चोवीस तासांच्या लाटेसारखं वरखाली होतं असं धरा. ती लाट खाली उतरताना दोन गोष्टी होतात, ती विझत जाते आणि तिला उशीर होतो. किती खोलीवर किती विझते हे एका लांबीवर ठरतं. त्या लांबीचा वर्ग म्हणजे पदार्थाच्या थर्मल डिफ्यूझिव्हिटीची (उष्णता त्यात किती झपाट्याने पसरते त्याचं माप) दुप्पट भागिले लाटेचा कोनीय वेग. काँक्रीटची डिफ्यूझिव्हिटी साधारण ७ गुणिले १० चा उणे सातवा घात, चौरस मीटर दर सेकंदाला. दिवसाच्या लाटेसाठी ती लांबी येते सुमारे १४ सेंटिमीटर. इतकं खाली गेलं की चढउतार ३७ टक्के उरतो आणि उशीर होतो पावणेचार तासांहून थोडा जास्त. आमचा स्लॅब ५ इंची. उत्तर आलं साडेतीन तास. दुपारी अडीचचा तडाखा छताच्या खालच्या अंगाला संध्याकाळी सहाला पोचतो आणि मग सावकाश उतरत रात्रभर आमच्या डोक्यावर. खालची बाजू मोकळी असते, त्यामुळे खरं गणित आणखी एका पायरीचं आहे, पण मला त्या दिवशी एवढंही पुरलं.

मग आजीचं माळवद. दीड फूट माती, मातीसाठी ती लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. दिवसाच्या चढउतारातले शंभरातले दोनच आत पोचतात, तेही साडेचौदा तास उशिरा, पहाटे पाचला. तोवर बाहेर गार झालेलं असतं. आजीचं घर गार का, ते मला चार ओळींत मिळालं.

इथपर्यंत फिजिक्स. पुढचं मॅथ्सने दिलं. फिजिक्सच्या सरांनी समीकरणाची दोन उत्तरं लिहून त्यातलं वाढत जाणारं उत्तर 'तापमान अनंत होऊ शकत नाही' म्हणून खोडलं होतं. मॅथ्सच्या मॅडमनी विचारलं, खोडलंस ते ठीक, पण उरलेलं एकमेव आहे कशावरून? तिथे युनिकनेसची सिद्धता आली. मग त्यांनी विचारलं, ऊन काय सरळ साइनच्या वक्रासारखं पडतं का? रात्री तर ते शून्य असतं. याचं उत्तर फूरियेने १८२२ च्या त्याच्या उष्णतेवरच्या ग्रंथात देऊन ठेवलंय: कुठलीही आवर्ती लाट साध्या लाटांची बेरीज करून लिहा. जितकी जलद लाट तितकी ती लवकर विझते, कारण ती लांबी वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. म्हणून दुपारच्या उन्हाचं टोक खाली येईपर्यंत बोथट होतं. आणि वर्षाची लाट ३६५ पट सावकाश, म्हणून १९ पट खोल जाते, मातीत सव्वादोन मीटर. जुन्या विहिरीच्या तळाशी उन्हाळा-हिवाळा फारसा का जाणवत नाही, तेही त्याच ओळीत.

दादा, प्रयोगाने मला आकडा दिला आणि सिद्धतेने त्या आकड्यावर विश्वास दिला. एकच विषय घेतला असता तर मी एकतर आकड्यावर थांबलो असतो किंवा समीकरणावर.

पण हे कॉलेजने करून दिलं नाही. दोन्ही डिपार्टमेंट एकाच मजल्यावर होती आणि एकमेकांचा अभ्यासक्रम कुणी बघितलेला नव्हता. दोन वह्या शेजारी ठेवायचं काम विद्यार्थ्यालाच करावं लागतं. मुलीला एक तिसरी वही द्या. जे दोन्हीकडे भेटलं तेवढंच त्यात.

जुळे_सोलापूरकर | २६ मे, सकाळी ९:००

@चादर_आणि_कागद, तीस वर्षं तो प्रयोग घेतला मी. एकदाही विद्यार्थ्याला त्याच्या घराचा स्लॅब मोजायला सांगितलं नाही. आज त्याची खंत वाटली. आणि गणिताची_वही मॅडम, सिद्धतेला कुणीतरी तपासणारं लागतं हा तुमचा मुद्दा मला पटला, माझं ते वाक्य मागे घेतो.

दोन विषय वेगळे असतात ही कल्पना मुळात आपल्या इमारतींमुळे आलीय. विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागात होते आणि काम करायचे सापेक्षता सिद्धांतावर. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून उत्तर काढलं, ते आजही जगभर वैद्य यांच्या नावानेच ओळखतात. आणि विष्णु वासुदेवांचे चिरंजीव जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते गणिताची ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवी, करायला. यांना गणिती म्हणायचं की भौतिकशास्त्रज्ञ, यावर कुणी वेळ घालवला नाही.

पंढरपूर_पॅसेंजर | २६ मे, दुपारी ३:२०

पोटापाण्याचं कुणीच लिहीना म्हणून मी लिहितो. ज्युनिअर कॉलेजला शिकवतो.

शिक्षक व्हायचं तर बी.एस्सी. नंतर बी.एड., आणि विज्ञान-गणित दोन्ही शिकवू शकणारा माणूस शाळांना हवाच असतो. ज्युनिअर कॉलेजला त्या विषयाची एम.एस्सी. आणि बी.एड. सिनिअरला एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट. बँक, एमपीएससी कुठल्याही पदवीवर.

फार कमी लोकांना माहीत असलेली एक जागा: विमानतळ प्राधिकरणाची एअर ट्रॅफिक कंट्रोलची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षा. तिथे पात्रता इंजिनिअरिंग, किंवा फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बी.एस्सी. बरोबर हीच जोडी. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून पुढे रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला तर कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं.

आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम परीक्षा. एका उमेदवाराला दोन पेपर देता येतात, वेगवेगळ्या सत्रात असले तर. म्हणजे फिजिक्स की मॅथ्स हा निर्णय तीन वर्षं पुढे ढकलता येतो, मला हा या जोडीचा सगळ्यात मोठा व्यावहारिक फायदा वाटतो. मात्र ज्या एम.एस्सी.ला जायचं तिथली पात्रतेची ओळ आत्ताच वाचून ठेवा. काही ठिकाणी तो विषय पदवीला किती पेपर होता ते बघतात, मायनरवर अडू नये.

बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचा अर्ज बघा. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे, वर्षाला ८०,००० रुपये.

गणिताची_वही | २६ मे, सायंकाळी ५:०५

बाहेर पाठवायची तयारी असेल तर अजून दोन-तीन नावं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये 'मॅथेमॅटिक्स अँड फिजिक्स' नावाचीच बी.एस्सी. ऑनर्स आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा. पुण्याला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था, तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस. मुंबईला विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र. यंदाच्या तारखा गेल्या असतील तर इथेच राहून पुढच्या वर्षी प्रयत्न करता येतो का ते त्यांच्या नियमांत बघा.

इथे राहिली तरी वाट बंद नाही. माधव गणित स्पर्धा बी.एस्सी.च्या मुलांसाठीच आहे. फिजिक्स शिक्षकांची संघटना आयएपीटी पदवीच्या मुलांची राष्ट्रीय परीक्षा घेते. उन्हाळ्यात एमटीटीएस हे गणिताचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे. तिथे पाठ केलेलं चालत नाही, सगळं वर्गात स्वतः शोधायला लावतात. माझा एक विद्यार्थी जाऊन आला आणि परत आल्यावर मला प्रश्न विचारायला लागला, मला रात्री बसून तयारी करावी लागली. मला त्याचा फार आनंद झाला होता.

वाइंडिंगवाला | २९ मे, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. तुम्ही एवढं लिहिलं, मी दोनदा वाचलं, तिने किती वेळा वाचलं माहीत नाही. काल आम्ही दोघं डिपार्टमेंटला जाऊन आलो. विभागप्रमुखांनी बसवून घेतलं, चहा दिला. लेखी वेळापत्रक मागितलं. मायनर मॅथ्सचे तास सकाळी आहेत, प्रॅक्टिकल दुपारी. भिडत नाहीत. तिला गणिताची_वही मॅडमचा प्रश्न विचारला. म्हणाली, मला आधी मोजायचंय, मग का ते बघायचंय. फॉर्मवर फिजिक्स मेजर, मॅथ्स मायनर लिहिलं. सीईटीचा निकाल काही लागो.

आता ती लिहितेय.

वाइंडिंगवाला | २९ मे, रात्री १०:३०

मी मुलगी लिहिते आहे. चादर_आणि_कागद दादा, मी आमचं छत मोजलं. फिश टँकला लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला, दोन आणले. एक गच्चीवर स्लॅबला चिकटवून वरून पांढरं कापड आणि टेप लावली, एक खाली छताला. दोन दिवस दर पाऊण तासाला लिहिलं, रात्री आई आणि मी आळीपाळीने उठलो.

वरचं जास्तीत जास्त ५८, दुपारी २ वाजता. कमीत कमी २७. छताला जास्तीत जास्त ४१, संध्याकाळी पावणेसातला. कमीत कमी ३४. म्हणजे चढउतार ३१ चा ७ झाला, एक चतुर्थांशपेक्षा कमी. आणि उशीर पावणेपाच तास. पण तुमच्या रीतीने ५ इंचाला साडेतीन तास आणि चाळीस टक्के यायला पाहिजे. माझं मोजताना चुकलं का?

अप्पांच्या दुकानाला पत्रा आहे, तिथेपण एक दिवस लावला. पत्र्याला उशीर होतच नाही, ऊन पडलं की तापतो. पण पहाटे ५ ला जुना पत्रा हवेपेक्षा २ अंश गार होता. हवेपेक्षा गार कसा होईल?

चादर_आणि_कागद | २९ मे, रात्री ११:२०

तुझं मोजणं चुकलेलं नाही. वरच्या सेन्सरवर पांढरं कापड लावलंस हे फार चांगलं केलंस, नाहीतर थेट उन्हाने तो जास्त दाखवला असता.

पत्र्याचं आधी. लोखंडासाठी ती लांबी अर्ध्या मीटरहून जास्त येते, पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. त्याला उशीर व्हायला जागाच नाही. पहाटे तो उघड्या आकाशाकडे उष्णता फेकतो, आकाश त्याला तेवढी परत देत नाही, म्हणून हवेच्याही खाली जातो. दव पत्र्यावर आधी पडतं ते त्यामुळेच. वस्तू किती उष्णता फेकते ते सांगणारा स्टीफनचा नियम काढून बघ.

आता स्लॅब. मी त्या दिवशी लिहिलं होतं की खालची बाजू मोकळी असते, ती पायरी मी सोडली होती. आज ती घेऊन गणित केलं. ५ इंचाच्या स्लॅबला खाली खोलीची हवा धरली तर उशीर साडेतीन नाही, दोनच तास येतो आणि चढउतार निम्मा उरतो. तुझा उशीर पावणेपाच आणि चढउतार पाव. दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकलेत, म्हणजे छत जाड आहे. २२-२३ सेंटिमीटर धरलं की पाच तास आणि पावपेक्षा किंचित जास्त येतं, तुझ्या मोजणीच्या अगदी जवळ.

तुमच्या स्लॅबवर काही थर आहे का? अप्पांना विचार.

वाइंडिंगवाला | २९ मे, रात्री ११:४०

मी वडील. आहे. चार इंच कोबा आहे, विटांच्या तुकड्यांचा. पावसाळ्यात गळायला लागलं म्हणून मी टाकून घेतलता. तेव्हा ती पाळण्यात होती, तिला हे माहीत असायचं कारणच नाही. आत्ता टेप घेऊन गच्चीवर गेली आहे, पाण्याच्या पाईपाजवळ कोब्याची कड दिसते तिथे मोजायला.